पालकांच्या विनंतीवरून

दत्ता,

तुझ्या शोकसभेत नऊ जण बोलले. नऊपैकी आठांनी 'शंभर टक्के' म्हटलं, काहींनी दोनदा. नववा तुझा धाकटा भाऊ. त्याला रडू आवरेना म्हणून तो मध्येच खाली बसला, नाहीतर तोही म्हणाला असता. दहावा म्हणून माझं नाव पुकारलं. मी हात जोडले आणि बसूनच राहिलो. लोकांना वाटलं, वसंतरावांचा कंठ दाटून आला. तसं काही नव्हतं. मला राग आला होता, आणि ज्याच्यावर आला होता त्याच्या फोटोला मी पाचच मिनिटांपूर्वी हार घातला होता.

शाळा तुझी स्मरणिका काढते आहे. माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. "काका, जुने मित्र म्हणून तुम्हीच लिहा. सरांनी बारा वर्षं निकाल शंभर टक्के कसा राखला, ते आलं पाहिजे." येणार आहे. तेच येणार आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आधी तुझी बाजू लिहितो, कारण ती खरी आहे.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. पुढची शाळा गावापासून सात मैलांवर होती आणि वडील वारल्यावर शेतात हात कमी पडत होते. कोणी मला शाळा सोड असं म्हटलं नाही. एका सोमवारी गेलो नाही, मंगळवारी गेलो नाही, आणि मग जायची लाज वाटायला लागली. मुंबईत येऊन विक्रोळीच्या कारखान्यात हेल्पर लागलो. चाळीतल्या त्या खोलीत आपण सात जण, आणि शिकलेला तू एकटा. सकाळी पाच ते साडेसहा, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी, चौदा महिने तू मला भूमिती आणि इंग्रजी शिकवलंस. मी तीनदा म्हटलं, सोडतो. तिसऱ्यांदा तू माझी वही जिन्यावरून खाली भिरकावलीस. म्हणालास, "आणूक गेलंस तर शिकतलंस. नाय गेलंस तर हेल्पर म्हणान मर." मी जाऊन आणली. बाहेरून मॅट्रिकला बसलो, पास झालो, आणि हेल्परचा इन्स्पेक्शन खात्यात गेलो. आज ज्या खुर्चीत बसून हे लिहितो ती खुर्चीसुद्धा त्याच पासाची.

म्हणजे शाळा सुटलेल्या पोराला पुन्हा कसं बसवायचं, हे तुला येत होतं. येत नव्हतं असं तुला म्हणता येणार नाही. पुरावा म्हणून मीच आहे.

आता एक्क्याऐंशीचा मे महिना. माझी शैला नववीत नापास झाली. एकाच विषयात. गणितात एकोणतीस, पास व्हायला पस्तीस. सहा गुण. तू मुख्याध्यापक होतास, ग्रेस तुझ्या हातात होतं. पण तू म्हणालास, "वशा, उद्या लोक म्हणतील, मित्राच्या पोरीला दिले." मला ते पटलं. उलट अभिमान वाटला तुझा. मग तू पंखा एक आकडा वाढवलास, शिपायाला चहा सांगितलास आणि टेबलावरून कोरा कागद माझ्याकडे सरकवलास.

"लिही. माननीय मुख्याध्यापक यांस. माझी पाल्य कुमारी शैला हिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती."

मी म्हटलं, "दाखला कशाला? पुन्हा नववीत बसेल की."

"एक वर्ष फुकट. आणि प्रगतिपुस्तकावर नापासाचा शिक्का. लग्नाच्या वेळी सगळे तोच बघतले. तू दाखलो घे. मी त्यावर नापास लिहिणार नाही. 'इयत्ता नववीत शिकत होती', बस्स. दुसरीकडे घाल, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भर. घरी बसून आरामात दहावी देईल. तू नाही दिलीस बाहेरून?"

कारखान्यात मी न मोजलेल्या मालावर सही करत नाही. सव्वीस वर्षांत एकदाही केलेली नाही, मॅनेजर डोक्यावर उभा राहिला तरी नाही. मी पेन हातात धरून थांबलो. तू हसलास. "सही कर रे. माज्यार इश्वास नाय तुजो?"

मी सही केली.

दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात तुझ्या कारकुनाने लिहिलं: पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक. माझी मुलगी शाळेतून गेली याला जबाबदार कोण, तर मी. माझ्याच अक्षरात.

तीन शाळा फिरलो. घाटकोपरला दोन, मुलुंडला एक. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं: नववी-दहावीला बाहेरची मुलं आम्ही घेत नाही. मुलुंडच्या बाई जरा मोकळ्या होत्या. दाखला उलटसुलट पाहून म्हणाल्या, "विनंतीवरून होय? असे फार येतात हो हल्ली." मला तेव्हा कळलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म आणला. तो सात महिने फळीवर पडून होता. शाळा नसलेली पोरगी घरात असली की तिच्या वेळेवर सगळ्यांचा हक्क लागतो. रेशनची रांग, पाण्याची वेळ, आजारी आई, शेजारणीचं बाळ. पुस्तक उघडायला तिला कोणी मनाई केली नाही. फक्त उघडायला वेळच आला नाही. आणि मैत्रिणी गणवेशात दारावरून जायला लागल्या की ती खिडकीतून उठून आत जायची.

मग मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तात्पुरतं काम मिळालं, कॉइल वाइंडिंगचं. त्या 'तात्पुरतं'चं हे सातवं वर्ष. तांब्याच्या केसाएवढ्या तारेचे वेढे ती मोजते, दिवसाला काही हजार. गणितात नापास झालेली मुलगी. तिच्या कॉइलचं रिजेक्शन त्या खात्यात सगळ्यांत कमी आहे, हे मला बापाच्या मायेने नाही, धंद्याच्या सवयीने ठाऊक आहे. मी विचारून घेतलंय. पंच्याऐंशीला सुपरवायझरची जागा निघाली. ज्या मुलीला शैलाने मशीनवर बसायला शिकवलं, तिला मिळाली. ती बारावी पास होती. शैला घरी आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "बाबा, मला आजपासून तिला मॅडम म्हणायचंय," आणि भाजी निवडायला बसली.

त्या आठवड्यात मी मोजायला लागलो.

मोजणं सोपं होतं. तुझ्या ऑफिसबाहेरच्या भिंतीवर दरवर्षीचे वर्गांचे फोटो लावलेले होते. शैलाच्या वर्षी आठवीला तीन तुकड्या: अ, ब, क. दोन वर्षांनी दहावीला दोनच. क नाही. एक आख्खी तुकडी भिंतीवरून उतरली होती आणि खाली फलकावर निकाल शंभर टक्के. पुढची वर्षं पाहिली. दरवर्षी तेच.

रविवारी तुझ्या गॅलरीत बसून तुला विचारलं. आठवतंय? वहिनींनी घावणे केले होते.

"दत्ता, आमच्याकडे शंभर पीस येतात. साठ पास, चाळीस रिजेक्ट. मी साठ टक्के लिहितो. तू चाळीस आधीच गेटबाहेर टाकतोस, आणि उरलेल्या साठांतले साठ पास म्हणून शंभर लिहितोस. मी असं केलं तर मला कामावरून काढतील."

"तुमच्याकडे लोखंड येता रे. माज्याकडे माणसां येतत."

"मगे माणसां तर मोजूकच व्हयी."

तू घावणा मोडलास आणि खाल्ला नाहीस. मग सगळं सांगितलंस, आणि तेही खरं होतं. आजूबाजूला इंग्रजी शाळा निघाल्या. मराठी शाळेत पोरं येतात ती निकाल बघून. निकाल नव्वदवर आला की पहिलीचा एक वर्ग कमी, वर्ग कमी झाला की दोन शिक्षक अतिरिक्त. "मूठभर पोरांसाठी चारशे पोरांची शाळा घालवू? आणि ती पोरां तशीय शाळा सोडतलीच होती, वशा. कोणाचा बाप संपात घरी बसलाय, कोणाला धाकटी भावंडं सांभाळायचीत. मी फक्त दार उघडून दिलं."

"माझी शैला सोडणार होती?"

तू वहिनींना हाक मारून चटणी मागितलीस. "अगो, चटणी हाड." तो आपला सगळ्यात मोठा वाद, आणि तो तू चटणीवर संपवलास. पुढे तीन वर्षं आपण दर रविवारी भेटलो, आणि हा विषय आला की तुला काहीतरी वाढून हवं असायचं.

म्हणून मी घरं शोधली. शैलाच्या वर्षीच्या क तुकडीतले, शैला धरून, सतरा जण सापडले, भांडुपपासून गोवंडीपर्यंत. तुझं म्हणणं तपासायचं होतं, तुझ्यावर अन्याय करायचा नव्हता. सतरापैकी चौघांनी खरंच पोटासाठी शाळा सोडली. दोघींना आयांनी घरी ठेवलं, भावंडांसाठी. सहा झाले. तेवढ्यापुरता तू बरोबर होतास. उरलेल्या अकरांचे दाखले पाहिले. अकराही दाखल्यांवर एकच कारण, एकाच अक्षरात. आणि ज्यांनी अर्जाची नक्कल ठेवली होती त्यांच्या नकलेत एकच वाक्य, 'माझा पाल्य' किंवा 'माझी पाल्य' एवढाच फरक. अकरा आईबापांना वेगवेगळ्या दिवशी हुबेहूब एकच विनंती कशी सुचली, दत्ता?

गोवंडीला शेवंताबाई जाधव भेटल्या. विधवा, लोकांकडे धुणीभांडी करतात. त्यांची छाया. दाखला त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवला होता. मी विचारलं, "बाई, तुम्ही अर्ज का दिलात?"

"म्या कुठं दिला, भाऊ? सरांनी लिव्हला, म्या अंगठा दिला. सर म्हणाले, पोरीचं भलं हाय. मंग सरांना काय इचारायचं?" आणि लगेच म्हणाल्या, "चांगला मानूस. मला खुर्ची दिली बसायला."

छायाला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगला दहावी लागते. ती चेंबूरच्या एका दवाखान्यात आया आहे. रुग्णांखालची भांडी तीच उचलते, नर्सचा हात पोचत नाही तिथली सगळी कामं तीच करते. तिच्या आईला वाचता येत नव्हतं आणि तुझ्या दप्तरात ती 'विनंती' करून गेली आहे. खुर्ची दिलीस. तुझं हेच मला सहन होत नाही. तू वाईट वागला असतास तर त्या सगळ्यांनी भांडण केलं असतं. तू खुर्ची द्यायचास, चहा सांगायचास, पंखा वाढवायचास.

त्या अकरांची यादी खिशात घेऊन मी दोन वर्षं फिरलो. तुला नुसती दाखवायची नव्हती. ती ऐकून तू एक शब्द म्हणायला हवा होतास: चुकलो. त्या एका शब्दासाठी मी एवढी घरं चढलो-उतरलो.

या एप्रिलात तू हॉस्पिटलात होतास. दुपारची भेटायची वेळ. डॉक्टरांनी वहिनींना काय सांगितलंय ते मला माहीत होतं. आजारी माणसासमोर असली यादी काढू नये, हेही माहीत होतं. तरी काढली. तू चष्मा मागितलास. मी म्हटलं, "तू नको, मी वाचतो."

पहिलं नाव वाचलं. तू डोळे मिटून म्हणालास, "ड आणि ह मध्ये चुकायचा." दुसरं वाचलं. "मागच्या बाकावर. खिडकीकडे." छायाचं नाव आलं. "तिचां अक्षर उभट होतां. फळ्यावर सुविचार तीच लिवायची." सात नावं झाली. सातही पोरं तुला आठवत होती. हस्ताक्षरासकट. मी समजत होतो, तुला ती ठाऊक नसतील, कागदावरचे आकडे असतील. एवढंच मी तुझ्या बाजूने धरून ठेवलं होतं. तेही तू त्या दुपारी काढून घेतलंस. ओळखत असूनही तू त्यांना शाळेबाहेर काढलंस. एकेकाला.

वहिनी आल्या. "भावजी, सकाळपासून पेज घेतली नाही त्यांनी. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

तू म्हणालास, "बाकीची उद्या वाच."

सकाळी साडेसहाला तुझा मुलगा दारात आला. चार नावं राहिली. शेवटचं शैलाचं होतं.

स्मशानात मी सगळं केलं जे जुन्या मित्राने करायचं असतं. खांदा दिला. वहिनींना धरून बसलो. घरी आल्यावर आंघोळ केली आणि पाटावर बसल्या बसल्या हुंदका आला, तोही खोटा नव्हता. पण त्या हुंदक्यात हेही होतं की तू सुटलास. नेमका चार नावं आधी सुटलास. तुला मी सोडणार नव्हतो.

मग मे महिना आला. तुझं तेरावं होऊन आठवडा झाला आणि नववीचा निकाल लागला. तुझ्या जागी आलेल्या नव्या सरांनी नापासांच्या घरी चिठ्ठ्या पाठवल्या: पालकांनी समक्ष भेटावे. चौदा चिठ्ठ्या. एक आमच्याच मजल्यावर आली, म्हणून मला कळलं. मी तीन दिवस रजा टाकली, आणि सकाळी आठला शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

सरांचे मित्र म्हणून सगळे मला ओळखतात. एकेका पालकाला बाजूला घेऊन मी एवढंच सांगितलं: आत चहा मिळेल, तो प्या. खुर्ची मिळेल, बसा. कागद पुढे आला की म्हणा, आम्हाला दाखला नको, पोर पुन्हा नववीत बसेल. अर्जाशिवाय दाखला देता येत नाही. तुम्ही मागितल्याशिवाय तो तुम्हाला कोणी देऊ शकत नाही.

नवे सर दुसऱ्या दिवशी बाहेर आले. घामाघूम. "काका, हे काय चाललंय? सरांना जाऊन महिना नाही झाला. ही त्यांचीच तर पद्धत!"

"म्हणूनच आलोय," मी म्हटलं.

चौदांपैकी बारांनी सही केली नाही. दोघांनी केली. एक कुटुंब गावी परत चाललं होतं. दुसरा बाप म्हणाला, पोरगीला एवढं शिकवून काय करायचंय, आणि मला बाजूला सारून आत गेला. बारा उरले.

घरी येऊन शैलाला सांगितलं. मी खुशीत होतो. म्हटलं, "बारा. नव्वद साली दहावीला बसतील. त्यातला एकतरी गचकणारच. फलकावरचा शंभर गेला समज. दत्ताची वाट लावली."

ती डबा धूत होती. नळ बंद करून माझ्याकडे वळली. "बाबा, सरांना कोणी नापास व्हायला नको होतं. तुम्हाला कोणीतरी नापास व्हायला हवंय. पोरांचं कोण बघतंय यात?"

मी डबा पुसायला फडकं घेतलं.

"त्यांचं गणित कोण घेणार? पुन्हा त्याच वर्गात बसवलंत, पुन्हा एकोणतीस पडले म्हणजे?"

"तू बोलू नकोस मध्ये," मी म्हटलं.

"मीच बोलणार. एकोणतीस मला पडले होते, तुम्हाला नाही." आणि नळ पुन्हा सोडला.

तिला तुझ्यावर राग नाही, हे तुला सांगायला हवं. तू गेल्याचं कळल्यावर ती मरोळहून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली होती. ती तुला माफ करून बसली आहे, सहज, न मागता. तो तिचा प्रश्न. मी केलेलं नाही. तिची माफी माझ्या नावावर जमा धरू नकोस.

पण मुद्दा तिचा बरोबर होता. गेले चार रविवार त्या बारांपैकी नऊ जण आमच्याकडे येतात. दोन खोल्यांच्या घरात नऊ मुलं आणि एक फळा. बायको जिन्यात बसून तांदूळ निवडते. गणित मी घेतो. सगळ्यात मागे, दाराला टेकून, बावीस वर्षांची शैला बसते. यंदा तिने सतरा नंबरचा फॉर्म भरायचं ठरवलं आहे. परवा एक मुलगी तिला म्हणाली, "ताई, तुम्ही पण नापास?" शैला म्हणाली, "सहा गुणांनी. तू किती?" "चारांनी." "मग पुढे बस, तुला जास्त येतं." पोरं हसली. मीही.

यात माझी पंचाईत आहे ती तुला सांगून ठेवतो. मी नीट शिकवलं तर ही मुलं पास होतील, आणि फलकावर पुन्हा शंभरच लिहिलं जाईल. आठ दिवस मला याचाच त्रास होत होता. काल अपूर्णांक शिकवताना ध्यानात आलं की घाबरायचं कारण नाही.

दोनच गोष्टी घडू शकतात. एकजण जरी नापास झाला तर तुझा आकडा मोडेल. बाराही पास झाले तर आकडा राहील, पण मग तो सगळे मोजून आलेला असेल. ज्यांना तू दार उघडून दिलंस ती पोरंही अशीच पास होऊ शकत होती, हे तुझ्याच फलकावर लिहिलं जाईल. त्या अकरांबद्दल आणि त्यांच्या आधी-नंतरच्या सगळ्यांबद्दल. मग 'तशीय सोडतलीच होती' असं तुझ्या वतीने कोणी म्हणू शकणार नाही.

मला दोन्ही चालेल, दत्ता. तुला एकही चालणार नाही.